ब्रॉडबँड व आंतरजालीय व्यापार, नंदुरबार जिल्ह्यातील

जून २०१० मध्ये ब्रॉडबँड कंप्रतापट्ट्यांच्या लिलावात इन्फोटेल या अल्पपरिचित कंपनीने सर्व देशासाठीचा पट्टा सुमारे १२,८४८ कोटी रुपयांस मिळविला. लगोलग रिलायन्स इंडस्ट्रीजने तिचे ९५ टक्के भाग ४,८०० कोटी रुपयांस घेतले. तीच पुढे जिओ झाली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली (ता. शहादा) या आदिवासी गावी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. या दोन घटनांचा संबंध तेव्हा फारसा कोणाच्या ध्यानी आला नसावा.

जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली. प्रारंभी ती विनामूल्य होती. आधारच्या ठशावरून ग्राहकनोंदणी काही मिनिटांत होई. १७० दिवसांत १० कोटी ग्राहक मिळाले, त्यास सरकारी खर्चाने उभी राहिलेली ही ओळखव्यवस्था बऱ्याच अंशी कारण होती. एप्रिल २०२० मध्ये फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्सचे ९.९९ टक्के भाग ४३,५७४ कोटी रुपयांस घेतले. किराणा दुकानदार व ग्राहक यांना व्हॉट्सॲपद्वारे जोडणे, हा त्यामागील एक हेतू होता. जिओमार्टचा प्रयोग मात्र नवी मुंबई, ठाणे व कल्याण येथे, म्हणजे दाट वस्तीतच झाला.

नंदुरबारमध्ये हीच निवड भूरचनेत उमटते. तापीकाठचा सपाट प्रदेश, मिरचीची बाजारपेठ असलेले नंदुरबार शहर व शहादा येथे गिऱ्हाईक एकवटलेले आहे. उलट अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत पाडे सातपुड्याच्या उतारांवर विखुरलेले आहेत. इन्फोटेलने घेतलेल्या २,३०० मेगाहर्ट्‌झसारख्या उच्च कंप्रतेच्या लहरी डोंगरधारेपलीकडे फारशा पोहोचत नाहीत. त्यामुळे मनोरे अधिक लागतात आणि प्रत्येकामागे ग्राहक थोडे. असे मनोरे खाजगी भांडवलाला परवडत नाहीत.

ही उणीव भरण्यासाठी २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नावरील आकारातून सार्वत्रिक सेवा निधी उभारला गेला. ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतूंचे जाळे नेण्याच्या योजनेस मंजुरी मिळाली. तीच पुढची भारतनेट. परंतु ग्रामपंचायतीपर्यंत आलेली तार पाड्यापर्यंत गेलीच, असे होत नाही. २०१८ मध्ये नंदुरबार आकांक्षित जिल्ह्यांत गणला गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतील अशा जिल्ह्यांच्या ७,२८७ गावांसाठी ६,४६६ कोटी रुपयांची मनोऱ्यांची योजना संमत झाली.

टेंभलीपासून सुरू झालेली ओळखपद्धती दरम्यान शिधावाटप दुकानांतील यंत्रांतही आली. तेथे धान्य घेणाऱ्याच्या अंगठ्याची पडताळणी याच जाळ्यावर अवलंबून असते.