जयंती एका दिवसाची, मंडळ दर पंधरवड्याचं

हिवरा आश्रमवरून मी बोलतोय. ज्यांची एसटीत रेंज जाते, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.

आजचा विषय एका प्रश्नातून आला. मेहकरकडच्या एका पोरानं विचारलं, "दादा, आमच्या कॉलेजात मध्ययुगीन इतिहासाचं मंडळ काढायचंय. उद्घाटनाला कोणाला बोलवू?"

भाऊ, उद्घाटनाचं राहू दे. उद्घाटन झालेली इतिहास मंडळं प्रत्येक कॉलेजात आहेत. दीपप्रज्वलन होतं, फोटो निघतो, तो नॅकच्या फाइलीत लागतो आणि मंडळ पुढच्या वर्षीच्या उद्घाटनापर्यंत झोपी जातं. खरा प्रश्न वेगळा आहे. उद्घाटनानंतरच्या चौथ्या बैठकीला, बाहेर पाऊस पडत असताना, कोण येणार? आणि आलेले लोक काय करणार? ज्यांनी हे शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं, त्यांची गोष्ट आज सांगतो.

आधी, मध्ययुग म्हणजे कधी?

युरोपात मध्ययुग साधारण १५०० च्या आसपास संपलं असं धरतात. आपल्याकडे हा शब्द बराच लांब ताणला जातो. यादवांपासून सुरू करून बहमनी, निजामशाही, शिवकाल, पेशवाई, म्हणजे थेट १८१८ पर्यंत.

या हिशेबानं आपण मध्ययुगाच्या अंगणात राहतो. हिवरा आश्रमवरून गाडीला किक मारा. लोणारला दैत्यसूदनाचं मंदिर आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीला म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं, त्यात लोणार येतं आणि आपलं मेहकरही येतं. सिंदखेडराजा जिजाऊंचं माहेर. लखुजी जाधवांचा वाडा तिथे आजही उभा आहे. आणि साखरखेर्डा! ऑक्टोबर १७२४ मध्ये इथे निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान मारला गेला, निजाम जिंकला आणि हैदराबादचं आसफजाही राज्य उभं राहिलं. हे राज्य १९४८ पर्यंत टिकलं. एवढी मोठी गोष्ट ज्या गावात घडली, त्या गावावरून आपण रोज जातो आणि आपल्याला त्या गावचा फक्त बसथांबा माहीत असतो.

तर सामग्री भरपूर आहे. आता मंडळाकडे येऊ.

पुणे, ७ जुलै १९१०

त्या दिवशी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू झालं. पुढाकार दोघांचा. एक इतिहासाचार्य वि. का. राजवाडे, दुसरे सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे. एकाकडे कागदांचं वेड, दुसऱ्याकडे वाडा. मंडळाचं पहिलं काम मेहेंदळ्यांच्या वाड्यातच चालू झालं.

एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हा पुण्यात विद्यापीठ नव्हतं, ते १९४९ मध्ये आलं. नागपूर विद्यापीठ १९२३ चं. म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाचं संशोधन विद्यापीठांच्या आधी अशा मंडळांनी सुरू केलं. पगार नाही, पदोन्नती नाही, पीएचडीचे गुण नाहीत.

राजवाड्यांनी त्याच्या आधीच कामाला हात घातला होता. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये आला आणि पुढे एकूण २२ खंड झाले. या खंडांसाठी माणूस गावोगाव फिरला. जुन्या घराण्यांच्या माळ्यावर, पेट्यांत, रुमालांत बांधलेले मोडी कागद बघायचे, घरच्यांची समजूत घालायची, उतरवून घ्यायचे. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे बरं, कागदांचं गाठोडं बांधायचं कापड. पण एका माणसानं किती फिरायचं? म्हणून मंडळ.

या मंडळानं काय केलं, तर ठरलेल्या दिवशी पाक्षिक सभा घ्यायला सुरुवात केली. कोणीतरी एखादा कागद, ताम्रपट, नाणं किंवा शिलालेखाचा ठसा आणायचा. त्यावर छोटं टिपण वाचायचं. बाकीच्यांनी शंका काढायच्या, तारीख जुळते का बघायचं. मग ते छापायचं. वर्षाचं इतिवृत्त निघायचं, संमेलनाचं वृत्त निघायचं, पुढे त्रैमासिक आलं. भाषणबाजीपेक्षा अशा बारीकसारीक टिपणांवर मंडळ चाललं.

इंग्लंडमध्येही असंच घडलं होतं. १८६४ मध्ये फ्रेडरिक फर्निव्हल नावाच्या गृहस्थानं अर्ली इंग्लिश टेक्स्ट सोसायटी काढली. काम एकच, जुन्या इंग्रजी हस्तलिखितांच्या छापील प्रती काढायच्या. त्या प्रती ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाला उपयोगी पडल्या. ती सोसायटी आजही पुस्तकं छापते.

एका कागदानं तारीख बदलली

अशा कंटाळवाण्या कामातून काय निघतं, त्याचं एक उदाहरण देतो. १९ फेब्रुवारीची सुट्टी आपल्याला माहीत आहे. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ सालचा धरला जायचा, कारण बखरींत तसं होतं. मग भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातून एक शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली. शकावली म्हणजे सालवार टाचण. कोणत्या तिथीला काय घडलं, एका एका ओळीत. टिळकांनी ती १९१६ मध्ये मंडळाच्या संमेलनवृत्तात छापली. तिच्यात महाराजांच्या जन्माची तिथी होती फाल्गुन वद्य ३, शके १५५१. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०.

लोकांनी लगेच मान्य केलं का? मुळीच नाही. वाद झाला, दोन्ही बाजूंनी लेख आले. पुढे शिवभारत हा समकालीन संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध झाला, राजस्थानात महाराजांची कुंडली सापडली, दोन्ही शकावलीशी जुळले. सरकारी मान्यता मिळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

आता विचार करा. जेध्यांच्या घरी कोणीतरी दिवाळीच्या साफसफाईत ते टाचण चुलीत घातलं असतं तर? किंवा टिळकांच्या हाती आलं, पण छापायला, तपासायला, भांडायला जागाच नसती तर? कागद सांभाळणारं घर आणि तो तपासणारं मंडळ, दोन्ही लागतात.

संस्थापक गेला तरी

राजवाडे स्वभावानं कडक. पुढे मतभेद झाले आणि ते मंडळापासून दूर गेले. शेवटी धुळ्यात राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच वारले. त्यांच्या मागे धुळ्याच्या लोकांनी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. एका माणसाच्या रुसण्यातूनही खानदेशाला मंडळ मिळालं म्हणा!

पण मला जास्त आश्चर्य पुण्याच्या मंडळाचं वाटतं. सगळ्यांत मोठं नाव बाहेर पडलं आणि सभा चालूच राहिल्या. दत्तो वामन पोतदारांनी वर्षानुवर्षं चिटणीसपण सांभाळलं. ग. ह. खरे यांनी फारसी साधनांचे खंडच्या खंड संपादित केले, कारण नुसत्या मोडीवर भागत नाही, समोरच्या पक्षाचे कागद फारसीत आहेत. आज मंडळाच्या संग्रहात पंधरा लाखांच्या आसपास कागद आहेत आणि हस्तलिखितं हजारोंनी. हे एका वीरपुरुषानं जमवलेलं नाही. दर पंधरवड्याला दिवा लावून बसणाऱ्यांनी जमवलंय.

एक खोट मात्र सांगायलाच पाहिजे. सुरुवातीच्या या मंडळींत बहुतेक पुरुष, बहुतेक ब्राह्मण, बहुतेक पुण्याचे. त्यामुळे कोणते कागद आधी शोधले गेले, कोणत्या घराण्यांचे छापले गेले, यावर त्याची छाया आहे. त्यावर राग आहे आणि त्या रागाला कारण आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्याला उत्तर द्यायचं तर आपण आपले कागद वाचावे लागतील. नुसत्या स्टेटसनं ते होत नाही.

आणि वऱ्हाड?

आपल्याकडे हे काम झालंच नाही असं नाही. बुलढाण्याचे वकील यादव माधव काळे यांनी १९२४ मध्ये 'वऱ्हाडचा इतिहास' लिहिला. यवतमाळला य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रम ही संशोधन संस्था चालवली आणि १९२५ मध्ये 'महानुभावीय मराठी वाङ्मय' प्रसिद्ध केलं. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिपीत होत्या, अक्षरांची अदलाबदल केलेली. त्या लिपीची किल्ली हाती लागली, तेव्हा जुन्या मराठीचं मोठं दालन अभ्यासकांना उघडलं.

आणि आपल्या जिल्ह्याचे वि. भि. कोलते! मलकापूर तालुक्यातलं नरवेल हे त्यांचं गाव, जन्म १९०८, शेतकऱ्याचं घर. महानुभाव वाङ्मयात त्यांनी आयुष्य घातलं, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९७८ मध्ये त्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र आलं. ज्या ग्रंथात मेहकर-लोणारची पायवाट आहे, तो ग्रंथ नीट लावून देणारा माणूसही बुलढाणा जिल्ह्याचा. हे आपल्याला शाळेत कोणी सांगितलं का?

आज याचं काय अडलंय?

अडलंय. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी राज्यभर जुन्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली. दप्तरं उघडली तर कितीतरी नोंदी मोडीत. मग मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध! आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, एवढं कळलं की आपल्या आजोबा-पणजोबांनी लिहिलेलं आपल्याला वाचता येत नाही आणि त्यावर आपला हक्क ठरतोय.

दुसरं, वाडे पडताहेत. जुनं घर पाडून स्लॅब टाकताना माळ्यावरचं गाठोडं कुठे जातं, ते तुम्हीच आठवून बघा.

तर मग मंडळ कसं चालवायचं?

एक, वार आणि वेळ ठरवा. महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार, काहीही ठरवा, पण बदलू नका. चार जण आले तरी बैठक घ्या.

दोन, नोंदवही. कोण आलं, कोणता कागद वाचला, कोणी काय शंका काढली. मोबाइलवर नको, वहीत. ग्रुप डिलीट होतो, फोन पाण्यात पडतो.

तीन, मोडी शिका. राज्य शासनाचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. दोघं शिकून आले की बाकीच्यांना शिकवतील. मंडळात एक जण तरी उर्दू लिपी येणारा घ्या, फारसीकडे जायला तो दरवाजा आहे. गावात असे मित्र असतात, त्यांना विचारलेलं नसतं एवढंच.

चार, कागद घरातून न्यायचा नाही. जुना कागद मागितला की पहिला प्रश्न येतो, "कशाला पाहिजे?" लोकांना जमिनीच्या वादाची भीती असते आणि ती खोटी नाही. म्हणून घरच्यांसमोर, उजेडात, फ्लॅश न लावता फोटो घ्या. बाजूला नाणं ठेवा, आकार कळतो. सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. वाचून झालं की बाळबोधीत लिहून त्यांना प्रत द्या. आणि छापायचं असेल तर आधी त्यांची लेखी परवानगी घ्या.

पाच, वीरगळ, शिलालेख दिसला तर त्यावर खडू, तेल, रंग घासायचा नाही. तिरप्या उन्हात फोटो काढा, अक्षरं आपोआप उठून दिसतात.

सहा, हे अवघड आहे. आपल्याला न आवडणारी ओळ निघाली तरी ती वहीत जाणार, हे पहिल्याच बैठकीत ठरवा. आपल्या गावचा पाटील लढाईत पळाला असं निघालं, तर तसंच लिहायचं. फक्त अभिमानाचे कागद जमवणारं मंडळ दोन वर्षांत फ्लेक्सचं दुकान होतं.

सात, फर्स्ट इयरच्या पोरींना-पोरांना पहिल्या दिवसापासून काम द्या. कॉलेजचं मंडळ मरतं ते जूनमध्ये, जुनी बॅच गेली की.

हिवऱ्याचे लोक संघटना करू शकत नाहीत असं मला कोणी सांगू नये. विवेकानंद जन्मोत्सवात इथे लाखोंची पंगत बसते आणि पुरी-वांग्याची भाजी शेवटच्या ताटापर्यंत पोचते. तेवढे हात आपल्याकडे आहेत. त्यातले आठ हात दर पंधरवड्याला एका टेबलाभोवती पाहिजेत.

तर मेहकरच्या मित्रा, पाहुणा शोधू नकोस. या रविवारी आजीला विचार, माळ्यावर गाठोडं आहे का. असेल तर पहिली बैठक तुझ्याच घरी होऊ शकते.

पुढच्या भागात साखरखेर्ड्याची लढाई, सविस्तर. तोवर रामराम मंडळी!