मांडवीच्या प्लेगचा धडा

मुंबईत आपल्या लोकांची पहिली मशीद, शाआर हारहामीम, १७९६ साली मांडवीत उभी राहिली. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, त्याच मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. गोदीजवळची धान्याची गोदामे, उंदीर आणि दाटीच्या चाळी यांमुळे साथ झपाट्याने पसरली.

सरकारने सक्तीचा मार्ग धरला. रोग्यांना घरातून उचलून इस्पितळात न्यायचे, घरच्यांना छावणीत ठेवायचे, घर चुन्याने धुऊन काढायचे. हेतू वाईट नव्हता, पण घरात शिरणारी माणसे परकी होती. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, अशी लोकांची समजूत झाली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. मार्च १८९७ मध्ये जनरल गॅटेकर यांची प्लेग कमिटी नेमली गेली आणि झडत्या वाढल्या. लोक रोगी लपवू लागले. ९ मार्च १८९८ रोजी एका आजारी मुलीला नेण्यावरून विणकरांच्या वस्तीत दंगल पेटली. पुढे सरकारलाच सक्ती सैल करावी लागली.

मग काय चालले? ज्या त्या समाजाने काढलेली इस्पितळे चालली. तिथे ओळखीचा चेहरा होता, आपले जेवण होते. लशीचेही तसेच झाले. ओडेसाचे यहुदी शास्त्रज्ञ डॉ. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैदी स्वखुशीने पुढे आले. आगाखानांनी लोकांसमोर टोचून घेतले, तेव्हा त्यांचे खोजे अनुयायीही तयार झाले.

पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंताच्या, दवाखान्यात रोगी आणून पोहोचवीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले. त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांची सेवा थोर, पण शुश्रूषा करणाऱ्याचा जीवही जपावा लागतो, हे आपण त्यातून शिकायला हवे.

मी आयुष्यभर शाळेत शिकवले, म्हणून धडा थोडक्यात सांगतो. स्वयंसेवक संकटाआधी नोंदलेला व शिकलेला असावा. तो एका जाणत्या डॉक्टरच्या सांगण्यात असावा. लोकांना तो ओळखीचा असावा. आणि त्याच्या विश्रांतीची व बचावाची सोय आधी व्हावी.

इथे मागेन दाविद आदोम पंधरा वर्षांच्या मुलांनाही घेते, पण साठ तासांच्या शिकवणीनंतरच. आपली नातवंडे त्यात जात असतील तर फार चांगले. पण अश्दोद, दिमोना, लोद, बेर्शेवा इथे आपल्यातले किती वृद्ध एकटे राहतात! सायरन वाजला की त्यांना हिब्रू आठवत नाही, मराठीच आठवते. प्रत्येक सिनेगॉगने अशा घरांची यादी आजच करावी आणि दोन घरांमागे एक जवळचा माणूस नेमावा. पिकुआह नेफेशसाठी शब्बाथही मोडता येतो. मग एक यादी करायला आपल्याला वेळ का नसावा?