कपाळाची कातडी, पोटाची चरबी

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एक पत्र छापून आलं. इंग्रज फौजेतला कावसजी नावाचा एक बैलगाडीवान टिपू सुलतानाच्या हाती सापडला होता. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच वावरला आणि मग पुण्याजवळ एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, तो कपाळावर सपाट पसरून भोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवली. दोन डोळ्यांच्या मधली एक चिंचोळी पट्टी मात्र शाबूत ठेवली. त्या पट्टीतून रक्त येत राहिलं, म्हणून खाली वळवून बसवलेली कातडी जगली. पंचविसेक दिवसांनी पट्टी कापली. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती. पत्रात त्यांची नावं आहेत. कारागिराची ओळख मात्र विटा करणाऱ्यांच्या जातीतला, एवढीच आहे.

हे पत्र वाचून लंडनचा शल्यविशारद जोसेफ कार्प्यू कामाला लागला. १८१४ मध्ये त्याने स्वतः असं नाक बसवलं आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. शरीराचा एक भाग दुसरीकडे न्यायचा, पण त्याचा रक्तपुरवठा तुटू द्यायचा नाही, हे या विद्येचं सार. कर्करोगात स्तन गमावलेल्या बाईला तिच्याच शरीरातून नवा स्तन घडवून देण्याची शस्त्रक्रिया याच तत्त्वावर उभी आहे.

स्तनापर्यंत पोचायला मात्र या विद्येला फार वेळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड यांनी स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी एकत्र काढण्याची पद्धत रूढ केली. रोग परतला तर तो झाकला जाईल, या भीतीने पुढच्या कित्येक पिढ्यांनी पुनर्रचनेकडे पाठ फिरवली. इटलीत इजिनियो तान्सिनी यांनी १९०६ मध्ये पाठीचा रुंद स्नायू त्वचेसकट छातीवर वळवून दाखवला होता, पण तो मार्ग सत्तरच्या दशकापर्यंत जवळजवळ विस्मृतीत गेला. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये सिलिकॉनचा पहिला कृत्रिम स्तन बसवला गेला. १९८२ मध्ये कार्ल हार्ट्रॅम्फ यांनी पोटाची कातडी आणि चरबी तिथल्या उभ्या स्नायूसह वर आणण्याची रीत प्रसिद्ध केली.

या प्रवासातला एक टप्पा मुंबईत घडला, आणि तो फारसा सांगितला जात नाही. डॉ. नोशीर अंतिया इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून परतले. पुण्याजवळ कोंढव्यात त्यांनी कुष्ठरोगाने बसलेली नाकं पुन्हा उभी केली आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग घडवला. १९७१ मध्ये त्यांनी व डॉ. बुच यांनी ब्रिटिश शोधपत्रिकेत एक निबंध प्रसिद्ध केला. पोटाच्या चरबीचा थर पूर्ण सुटा करून, त्याच्या रक्तवाहिन्या दुसऱ्या जागच्या रक्तवाहिन्यांना थेट जोडून तो जगवल्याची ती नोंद होती. अशा प्रकारचे ते जगातल्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक. कावसजीच्या कपाळावरची पट्टी आता अनिवार्य राहिली नव्हती. १९९४ मध्ये अमेरिकेत ॲलन आणि ट्रीस यांनी पोटाचा स्नायू जागेवर ठेवून फक्त कातडी, चरबी आणि बारीक रक्तवाहिन्या छातीवर नेण्याची पद्धत स्तनासाठी मांडली. आज तिला ‘डीप फ्लॅप’ म्हणतात.

ही विद्या अशी पुढे सरकत होती, त्या काळात मराठवाड्यातल्या जालन्याची बाई कुठे होती? १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होता. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, तेव्हा तिथे पोचायला अरुंद रुळांच्या गाडीने मनमाड गाठायचं आणि तिथे मुंबईची मोठी गाडी धरायची. हे रूळ रुंद झाले नव्वदच्या दशकात. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला, तरी ‘गाठीचं ऑपरेशन’ म्हटलं की औरंगाबाद किंवा ‘टाटा’ हेच दोन रस्ते होते. साठेक किलोमीटरवरच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय कर्करोग रुग्णालय उभं राहिलं ते २०१२ मध्ये. इतक्या लांबच्या वाटेवर जीव वाचणं हीच मोठी गोष्ट होती. छातीच्या सपाट जागेबद्दल कोणी विचारलं नाही, आणि बाईने पदर ओढून घेतला.

आज पर्याय बरेच आहेत. गाठ लहान असेल तर स्तन राखून फक्त गाठ काढता येते आणि नंतर किरणोपचार, म्हणजे ‘शेक’, दिला जातो. उरलेल्या स्तनाला त्याच वेळी नीट आकारही देता येतो. पूर्ण स्तन काढावा लागला तर सिलिकॉन बसवता येतं. त्याची शस्त्रक्रिया तुलनेने छोटी, पण शेक घेतलेल्या छातीत त्याभोवतीचं आवरण आवळून कडक होण्याचा धोका वाढतो. पाठीचा स्नायू भरवशाचा. पोटाची चरबी स्पर्शाला सर्वांत नैसर्गिक, पण सूक्ष्मदर्शकाखाली कित्येक तास चालणारं काम आणि सरावलेलं पथक हवं. पुनर्रचना त्याच वेळी करता येते किंवा उपचार संपल्यावर काही महिन्यांनी, वर्षांनीही. पुनर्रचनेमुळे कर्करोग परतण्याची शक्यता वाढत नाही, हे आता स्पष्ट झालं आहे.

जालन्यात या निवडीला आणखी एक बाजू आहे. हा कापसाचा आणि मोसंबीचा जिल्हा. दिवसभर वाकून कापूस वेचणारी, डोक्यावर पाण्याचा हंडा घेणारी, मोसंबीचे क्रेट उचलणारी बाई पोटाचा स्नायू गमावते तेव्हा पुढे पोट कमकुवत होण्याची, अंतर्गळ होण्याची भीती असते. पाठीचा स्नायू गेला की हात वर करून जोर लावण्याची कामं जड जाऊ शकतात. म्हणून तिला फोटो दाखवणं पुरेसं नाही. ती रोज काय उचलते, किती वाकते, हे आधी विचारायला हवं. काहींना काहीच नको असतं. व्यवस्थित शिवलेली सपाट छाती आणि चोळीत ठेवायचा कृत्रिम स्तन, हीसुद्धा तितक्याच सन्मानाने मान्य करण्याची निवड आहे.

२०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे लगेच सूक्ष्म शस्त्रक्रिया व्हावी अशी अपेक्षा कोणी धरणार नाही. पण बाईला मुंबईला किंवा संभाजीनगरला पाठवण्याआधी, स्तन काढण्यापूर्वीच, तिच्या बोलीत हे सगळे पर्याय समजावणं तिथे आजही शक्य आहे. शस्त्रक्रियेआधी प्लास्टिक सर्जनची भेट झाली का आणि बाईने काय ठरवलं, याची ओळ केसपेपरवर लिहिली गेली पाहिजे. एकदा पाठीचा किंवा पोटाचा स्नायू हलवला, एकदा शेक दिला, की काही दारं कायमची बंद होतात. त्याआधी तिला विचारायलाच हवं.