‘इन्सेक्ट’ या शब्दाची कुळकथा

“कोळी हा कीटक आहे का?” असे वर्गात विचारले, की बरीच मुले “हो” म्हणतात. आपण त्यांना पाय मोजायला लावतो. पाय आठ भरतात आणि उत्तर चुकीचे ठरते. पण कोळ्याची गणना कीटकांत करणारी ही मुले काही पहिलीच नव्हेत. थोरथोर निसर्ग-अभ्यासकांनी दोन हजार वर्षे तेच केले. असे का झाले, याचे उत्तर ‘इन्सेक्ट’ या शब्दातच दडलेले आहे.

इ. स. पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांचे गट पाडले. ज्यांच्या शरीरावर पोटाच्या किंवा पाठीच्या बाजूने, अथवा दोन्हीकडून, आडव्या खाचा दिसतात त्यांना त्याने ‘एन्टोमा’ म्हटले. ‘एन’ म्हणजे आत, ‘टोम’ म्हणजे कापणे. मुंगीची किंवा गांधीलमाशीची बारीक कंबर पाहिली, की हे नाव लगेच पटते. यातूनच पुढे कीटकशास्त्राला ‘एन्टॉमॉलॉजी’ हे नाव मिळाले. गंमत म्हणजे ‘ॲटम’ हा शब्दही याच धातूपासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ ‘जो कापता येत नाही तो’!

इ. स. 77 च्या सुमारास रोमन लेखक प्लिनी याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या अकराव्या खंडात या प्राण्यांसाठी ‘इन्सेक्टा’ हा लॅटिन शब्द वापरला. त्याचा अर्थही तोच, आत कापलेले. आपल्या प्रयोगशाळेतील ‘सेक्शन’ आणि ‘डिसेक्शन’ हे शब्द याच लॅटिन धातूचे. 1601 मध्ये फिलेमन हॉलंडने प्लिनीचा ग्रंथ इंग्रजीत आणला आणि त्या सुमारास ‘इन्सेक्ट’ हा शब्द इंग्रजीत रुळू लागला. त्यापूर्वी ‘वर्म’ हा एकच शब्द अळीपासून सापापर्यंत अनेकांना चालत असे.

या नावाची कसोटी खाचा ही होती, पायांची संख्या नव्हे. म्हणून कोळी, विंचू, गोम हे सारे ‘एन्टोमा’ ठरले. लिनियसने तर 1758 मध्ये खेकड्यालाही ‘इन्सेक्टा’ वर्गात बसवले. 1801 मध्ये लामार्कने कवचधारी प्राणी आणि कोळ्यांचा गट हे दोन वेगळे वर्ग मानले. पुढे सहा पाय ही कीटकांची मुख्य खूण ठरली. आपल्याकडे संस्कृतात भुंग्याला ‘षट्पद’ म्हणत, तेव्हा पाय मात्र नेमके मोजले गेले होते!

सहा पायांची कसोटीही आता पुरेशी राहिलेली नाही. ओल्या मातीत उड्या मारणाऱ्या इवल्याशा कोलेम्बोलांना सहाच पाय असतात. पण त्यांची मुखांगे डोक्याच्या पोकळीत दडलेली असतात. म्हणून आज बहुतेक शास्त्रज्ञ त्यांना कीटकांत धरत नाहीत.

तेव्हा एखादा विद्यार्थी कोळ्याला कीटक म्हणाला, तर “कशावरून?” असे जरूर विचारावे. “अंगाचे भाग वेगळे दिसतात” असे तो म्हणाला, तर त्याने ॲरिस्टॉटलचीच कसोटी लावली आहे. पाय मोजण्याचा धडा तेथून सुरू करता येईल.