गरिबाच्या देवाचा मान

देवभीरू माणूस गरिबाशी कनवाळूपणे वागतो, असे आपण सहज बोलून जातो. इतिहास मात्र इतका सरळ नाही. ज्या श्रद्धेने अन्नछत्रे उघडली, तिनेच महारोग हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ ठरवून रोग्याला वेशीबाहेर काढले. श्रद्धेमुळे गरिबाच्या वाट्याला नेमके काय येते, हे पाहायचे असेल तर चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांसारखे दुसरे ठिकाण नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा होईपर्यंत हा एकच जिल्हा होता.

विदर्भाला हा विचार तसा नवा नाही. गाडगेबाबांनी देवळांऐवजी धर्मशाळा बांधल्या आणि कीर्तनातून भुकेल्याला अन्न देण्यास सांगितले. बाबा आमटे यांनी पुढचे पाऊल टाकले. १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर सहा रोग्यांना घेऊन त्यांनी आनंदवन सुरू केले. उद्घाटनाला विनोबा भावे आले होते. बाबांचा रोख दानावर नव्हताच, तो श्रमावर होता. भीक घालून पुण्य मिळवणाऱ्या धार्मिकतेला त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे रोग्याच्या हातात दिलेले कुदळ-फावडे. आनंदवनात पिकलेला भाजीपाला घ्यायला सुरुवातीला गिऱ्हाईक मिळत नसे. रोगाची भीती त्यामागे होतीच. पण दैवी कोप झालेल्या माणसाच्या हातचे कसे खावे, हा प्रश्नही होता. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होऊ लागल्यानंतरही कित्येक वर्षे तो आपल्याकडे घटस्फोटाचे कायदेशीर कारण राहिला. ती तरतूद २०१९ मध्ये रद्द झाली. रूढी कायद्यात किती खोल मुरते, याचा हा बोलका पुरावा होय.

आनंदवनात सेवा करणाऱ्याने आपली श्रद्धा बदलली. गडचिरोलीत त्याहून वेगळे घडले. येथे सेवा करणाऱ्याला गरिबाच्या श्रद्धेपुढे आपली पद्धत बदलावी लागली.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ च्या सुमारास 'सर्च' या संस्थेचे काम गडचिरोलीत सुरू केले. आदिवासी रुग्ण दवाखान्यात यायला का कचरतात, हे त्यांनी गावोगावच्या लोकांनाच विचारले. मिळालेली उत्तरे वैद्यकीय पुस्तकांत सापडणारी नव्हती. मोठ्या इमारतीत जीव घाबरतो. रुग्णाला आत ठेवतात आणि नातलगांना बाहेर काढतात. डॉक्टर-परिचारिका पांढरे कपडे घालतात. आम्ही तर मृतदेह पांढऱ्या कापडात गुंडाळतो, मग त्याच कपड्यांतली माणसे जीव कसा वाचवणार? आणि मुख्य म्हणजे, तिथे आमचा देव नाही.

हे अज्ञान म्हणून हसण्यावारी नेता आले असते. धोरणे आखणारे बहुधा तेच करतात. येथे तसे झाले नाही. चातगावजवळच्या शोधग्राममध्ये आदिवासी घरांच्या धर्तीवर लहान-लहान झोपड्यांचे रुग्णालय उभे राहिले. रुग्णासोबत नातलगांना राहता येऊ लागले. रुग्णालयाला नाव मिळाले माँ दंतेश्वरीचे. दंतेश्वरी ही मूळची बस्तरची देवी. शंखिनी-डंकिनीच्या संगमावर दंतेवाड्याला तिचे प्राचीन मंदिर आहे आणि सीमेच्या अलीकडचे गोंडही तिला मानतात. देवीच्या आवारात गेलेला रुग्ण परक्याच्या दारात उभा राहत नाही, तो आपल्याच दैवताकडे आलेला असतो. देवीच्या जत्रेबरोबर आरोग्य संसद भरू लागली आणि कोणत्या आजारावर आधी काम व्हावे, हे तिथे गावकरी सांगू लागले. त्यांनी हिवतापाचा आग्रह धरला होता.

या मार्गाने विज्ञान पातळ झाले, असे कोणी समजू नये. याच जिल्ह्यातील ३९ गावांत गावच्या प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघर जाऊन घेतलेल्या नवजात बालकांच्या काळजीमुळे नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. घराघरांत प्रवेश मिळायला आधी विश्वास लागतो, आणि तो प्रयोगशाळेत तयार होत नाही.

दवाखान्याच्या दारात देवीला जागा देणे तुलनेने सोपे असते. खरी कसोटी लागते ती गरिबाचा देव जमिनीखालच्या संपत्तीवर बसलेला असतो तेव्हा. एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचा डोंगर हे माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचे स्थान आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तेथे जत्रा भरते आणि इलाक्यातील ७० गावांचे लोक जमतात. याच डोंगरात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा खासगी कंपनीला देण्यात आला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी खनिज वाहून नेणारे अनेक ट्रक जाळले. पुढे २०२१ पासून उत्खननाने वेग घेतला आणि २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टनांपर्यंत उत्पादनाची पर्यावरणीय मंजुरी मिळाली.

ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी वेगळी दिशा दाखवली होती. डोंगरिया कोंध ज्याला नियमराजा मानतात, त्या डोंगरावरील धार्मिक हक्कांचा निर्णय ग्रामसभांनी घ्यावा, असे न्यायालयाने सांगितले. बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि खाण झाली नाही. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा सूरजागडलाही लागू आहेत. खाणीने स्थानिक तरुणांना रोजगार दिला, हे नाकारता येत नाही आणि गावागावांत त्यावरून दोन मते आहेत. आपल्याला नीट विचारलेच गेले नाही, ही ग्रामसभांची तक्रार मात्र जुनी आहे. ठाकूरदेवाच्या जत्रेत खाणीविरुद्धचे ठराव झाले आहेत, ते याच तक्रारीतून.