कॅमेऱ्यातील धूळ : उपाय बेताचाच बरा

परभणी : काळ्या मातीचा हा जिल्हा. पावसाळ्यात पायाला चिकटणारी माती उन्हाळ्यात भुरभुरीत होऊन वाऱ्यावर उडते. फेब्रुवारीतील हजरत तुराबुल हक यांच्या उरुसात किंवा लग्नसराईत उघड्यावर लेन्स बदलली, की ही धूळ कॅमेऱ्यात शिरते आणि प्रत्येक छायाचित्रात एकाच जागी करडा ठिपका उमटू लागतो.

फिल्मच्या कॅमेऱ्यात दर छायाचित्रागणिक फिल्म पुढे सरकत असे व तिच्यावरील धूळही निघून जाई. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सर तोच राहतो. मात्र धूळ बसते ती सेन्सरवर नव्हे, तर त्यावरील पातळ काचेच्या फिल्टरवर.

निदान सोपे आहे. अॅपर्चर एफ/१६ वर ठेवून निरभ्र आकाश टिपावे. लेन्स बदलूनही ठिपका जागा सोडत नसेल, तर धूळ फिल्टरवर आहे. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते. त्यामुळे छायाचित्रात वर दिसणारा कण प्रत्यक्षात खाली असतो. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारी, पण छायाचित्रात न उमटणारी धूळ निरुपद्रवी समजावी.

पहिला उपाय कॅमेऱ्यातच असतो. ऑलिम्पसने २००३ मध्ये ई-१ या कॅमेऱ्यात कंपनांनी धूळ झटकण्याची सोय आणली. पुढे इतर कंपन्यांनीही ती स्वीकारली. तेवढ्याने भागले नाही, तर बॅटरी पूर्ण भरून मेन्यूतील स्वच्छतेचा पर्याय निवडावा, कॅमेऱ्याचे तोंड खाली करावे आणि रबरी ब्लोअरने हवा मारावी. ब्लोअरचे टोक आत नेऊ नये. तोंडाने फुंकल्यास थुंकीचे कण, तर दाबाच्या डब्यातील हवेने द्रवाचे डाग पडू शकतात.

चिकटलेल्या कणासाठी सेन्सरच्या रुंदीचा स्वॅब व खास द्रव मिळतो. हलक्या हाताने एकदाच फिरवून स्वॅब टाकून द्यावा. साधे फडके मात्र वर्ज्य. मातीतील कठीण कण घासले गेले, तर फिल्टरवर कायमचा ओरखडा उठतो आणि ठिपक्याचे दुखणे मोठ्या खर्चावर जाते. हात स्थिर नसेल, तर अधिकृत दुरुस्ती केंद्र गाठावे. लेन्स न निघणारा छोटा कॅमेरा तर घरी उघडूच नये.

लेन्स बदलताना कॅमेरा बंद व तोंड खाली ठेवावे, वाऱ्याकडे पाठ करावी. एफ/४ वर न दिसणाऱ्या एखाद्या ठिपक्यासाठी फिल्टरला हात लावण्याचे कारण नाही. तो संगणकावरही पुसता येतो.