गाडी विकली, तरी मालक तुम्हीच!

पुण्यात सहा-सात वर्षे वापरलेली मोटार गावाकडच्या नातेवाइकाला किंवा त्याच्या ओळखीतल्या माणसाला विकायची, हा शहरातील अनेक कुटुंबांचा परिपाठ आहे. अशी गाडी बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावात जाते, तेव्हा व्यवहार बहुधा घरगुती पद्धतीनेच होतो. थोडा विसार हाती पडतो, उरलेली रक्कम उसाचे बिल जमा झाल्यावर देण्याचा वायदा होतो. मुद्रांकावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या जातात, किल्ली आणि आरसी बुक दिले जाते. ‘एमएच-१२’ची पाटी मिरवत गाडी नीरेच्या रस्त्याला लागते. आरटीओचे काम तेवढे ‘सवडीने करू’ म्हणून मागे पडते.

ही सवड विकणाऱ्याला महागात पडू शकते. कारण गाडी कोणाची, या प्रश्नाची कायद्यात दोन उत्तरे आहेत. वस्तुविक्रीच्या कायद्याने पाहिले, तर मोटार ही जंगम मालमत्ता आहे. किंमत ठरली, ताबा दिला की विकणारा आणि घेणारा यांच्यापुरती मालकी बदलते. मोटार वाहन कायदा, १९८८ मात्र वेगळा हिशेब मांडतो. त्याच्या कलम २(३०) नुसार ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे, तोच मालक. कर्जावर घेतलेली किंवा अज्ञान मुलाच्या नावावरची गाडी, असे मोजकेच अपवाद त्यात आहेत. मुद्रांकावर केलेली विक्री हा त्यातला अपवाद नव्हे.

या दोन उत्तरांमधील अंतर किती जिव्हारी लागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ मधील एका निकालावरून दिसते. हरियाणातील एका मारुती ८०० गाडीने मे २००९ मध्ये रस्त्याने चाललेल्या दोघांना धडक दिली. त्यात एका मुलाचा मृत्यू झाला. नोंदणीत ज्याचे नाव होते, त्याने ती गाडी २००७ मध्येच विकलेली होती. पुढे ती आणखी काही हातांतून गेली. पण नोंदणी कोणीच बदलली नाही. उच्च न्यायालयाने मूळ मालकाला जबाबदारीतून मोकळे केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या या निकालाचा आशय सरळ आहे. अपघातात माणूस गमावलेल्या कुटुंबाने गाडी कोणी कोणाला विकली, याचा माग काढत फिरावे, अशी अपेक्षा कायदा करीत नाही. नोंदणीत ज्याचे नाव, त्याच्यावर भरपाईची जबाबदारी.

विमा चालू असेल, तर त्रयस्थाची भरपाई विमा कंपनीच्या माथी जाते आणि प्रकरण तिथेच निभावते. पण गावात गेलेल्या जुन्या गाडीचा विमा पुढच्या वर्षी भरला जाईल, याची हमी पुण्यात बसलेल्या विक्रेत्याला कोण देणार? विमा संपला असेल, तर न्यायाधिकरणाची नोटीस त्याच्याच दारात येते. मुद्रांकावरचा करार किंवा ताबा पावती अशा वेळी अगदीच निरुपयोगी असते असे नाही. गाडी कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कोणाच्या ताब्यात दिली, हे त्यात नमूद असेल, तर खरेदीदाराकडून रक्कम वसूल करण्यासाठी वेगळी लढाई लढताना ती कामास येते. अपघातग्रस्ताच्या दाव्यात मात्र ती ढाल होत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभराच्या जागी पाचशे रुपयांचा मुद्रांक लागू झाला. त्याने कागदाची किंमत वाढली, जोर वाढला नाही.

पहिले पाऊल विकणाऱ्याचे

नाव बदलून घेणे हे घेणाऱ्याचे काम, असा सर्वसाधारण समज आहे. कायद्याचा क्रम नेमका उलटा आहे. कलम ५० प्रमाणे गाडी राज्यातल्या राज्यात विकली असेल, तर चौदा दिवसांच्या आत विक्रेत्याने हस्तांतरणाची खबर नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची असते आणि तिची प्रत खरेदीदारालाही पाठवायची असते. गाडी परराज्यात गेली, तर ही मुदत पंचेचाळीस दिवसांची. खरेदीदाराला अर्जासाठी तीस दिवस मिळतात. त्याने तो आपण राहतो त्या भागातील कार्यालयात करायचा असतो. कोऱ्हाळे बुद्रुकच्या रहिवाशासाठी हे कार्यालय म्हणजे बारामतीचे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय. तेथील नव्या गाड्यांना ‘एमएच-४२’ क्रमांक मिळतो. पण पुण्याहून आलेल्या गाडीचा ‘एमएच-१२’ क्रमांक बदलत नाही. बदलते ते मालकाचे नाव आणि पत्ता.

विक्रेत्याची खबर ‘फॉर्म २९’ वर आणि हस्तांतरणाचा अर्ज ‘फॉर्म ३०’ वर असतो. बोलीभाषेत हे दोन्ही मिळून ‘टीटी फॉर्म’. सोबत नोंदणी प्रमाणपत्र, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा व ओळखीचा पुरावा लागतो. अर्ज आता केंद्राच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर भरावा लागतो आणि ओटीपी नोंदीतल्या मोबाईल क्रमांकावर जातो. क्रमांक जुना किंवा बंद असेल, तर काम तिथेच अडते. म्हणून विक्रेत्याने तो आधीच अद्ययावत करून घेणे श्रेयस्कर.

खरा धोका आहे तो कोऱ्या फॉर्मवरील सह्यांचा. एजंटकडे काम सोपविण्यात गैर काही नाही. मात्र खरेदीदाराचे नाव, पत्ता आणि तारीख न लिहिता सह्या करून दिलेले फॉर्म म्हणजे गाडी कोणाच्याही हाती जाण्याचा परवानाच. घेणारा ती महिनाभर वापरून तिसऱ्याला विकतो, तिसरा चौथ्याला आणि फॉर्म तसेच कोरे पुढे सरकतात. व्यापाऱ्यांच्या बाबतीत ही साखळी तोडण्यासाठी केंद्राने १ एप्रिल २०२३ पासून नियम बदलले. नोंदणीकृत विक्रेत्याकडे गाडी सोपविल्याची सूचना पोर्टलवर दिली की तोच तिचा मालक मानला जातो आणि जबाबदारी त्याच्याकडे जाते. खासगी व्यवहारात असे कवच नाही. तेथे फॉर्म पूर्ण भरूनच सही करावी, भरलेल्या फॉर्मची छायाप्रत ठेवावी आणि अर्जाची पावती पाहिल्याशिवाय व्यवहार संपला असे समजू नये. शेवटची काही रक्कम नाव बदलेपर्यंत हातची राखण्याची रीत खरेदीदार पाळतात. विक्रेत्यानेही किल्ली देण्याआधी अर्ज भरण्याचा आग्रह धरला, तर त्यात संकोच मानण्याचे कारण नाही.

बोजा आहे का?

बारामती-इंदापूर पट्ट्यातला शेतकरी जमीन घेताना सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ डोळ्यांत तेल घालून वाचतो. खरेदीखत झाले तरी फेरफाराची नोंद मंजूर होईपर्यंत त्याचा जीव भांड्यात पडत नाही. तोच माणूस चार लाखांची गाडी घेताना आरसीवरची बँकेच्या नावाची ओळ पाहायला विसरतो. ही ओळ म्हणजे गाडीवरचा बोजा. कर्ज फिटले, बँकेने ‘ना हरकत’ पत्र दिले, एवढ्याने तो उतरत नाही. बँक आणि मालक यांच्या सह्यांचा ‘फॉर्म ३५’ सादर होऊन नोंद काढली जावी लागते. ती कायम असेपर्यंत वित्तसंस्थेच्या लेखी संमतीविना हस्तांतरणाची नोंद होत नाही. पतसंस्थेचे किंवा खासगी फायनान्सचे कर्ज अर्धे फिटलेली गाडी ‘उरलेले हप्ते तुम्ही भरा’ या बोलीवर घेणे म्हणजे पैसे देऊन दुसऱ्याचे कर्ज फेडणे. हप्ता चुकला, तर गाडी ओढून नेणारे आधीच्या मालकाचे दार ठोठावत नाहीत. गाडी उभी असेल तेथे येतात.

बाकीची तपासणी घरबसल्या होते. गाडीचा क्रमांक घातला, की ‘एमपरिवहन’ ॲपवर नोंदणीची तारीख आणि विम्याची मुदत दिसते. आरसीवरील चासी व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावेत. थकलेली ई-चलने विक्रेत्याकडूनच भरून घ्यावीत. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसलेली आहे ना, हेही पाहावे. ती नसल्यास हस्तांतरणाचे काम अडू शकते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती मुदत संपत आली असेल, तर नूतनीकरणाचे शुल्क आणि पर्यावरण कर हे दोन्ही खर्च सौद्यात धरावे लागतात. आणखी एक गोष्ट पैशांची. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास मनाई आहे आणि दंड स्वीकारलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो. उसाचे बिल बँकेत जमा होते, तर गाडीचे पैसेही बँकेतूनच द्यावेत.

मालक हयात नसेल, तर पेच वाढतो. वडिलांच्या नावावरची गाडी मुलाने परस्पर विकली, तरी मृताच्या नावाने ‘टीटी फॉर्म’ भरता येत नाही. वारसाने मृत्यूनंतर तीस दिवसांत खबर द्यायची आणि तीन महिन्यांत ‘फॉर्म ३१’ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. विक्री त्यानंतरच. अन्य वारसांच्या संमतीचा प्रश्नही इथेच मिटवावा लागतो. २०२१ पासून नोंदणीतच नामनिर्देशित व्यक्तीचे नाव घालण्याची सोय झाली आहे. तिचा लाभ घेतलेला बरा.

दिल्लीकडच्या स्वस्त गाड्यांच्या मोहात पडणाऱ्यांनी हिशेब पुरता करावा. तेथील कार्यालयाचे ‘फॉर्म २८’ वरील ना हरकत प्रमाणपत्र हवे. महाराष्ट्रात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ गाडी ठेवायची, तर नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि गाडीच्या वयानुसार येथील करही भरावा लागतो.

नाव बदलले, तरी विम्याचे काम उरतेच. त्रयस्थाच्या भरपाईपुरता विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो, असे कायदा मानतो. तरीही चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर घ्यावी लागते. ती न घेता गाडीचे स्वतःचे नुकसान झाले, तर कंपनी दावा नाकारू शकते. ‘नो क्लेम बोनस’ मात्र गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो विक्रेत्याकडेच राहतो आणि त्याच्या पुढच्या गाडीला लागू होऊ शकतो. काचेवरचा फास्टॅगही विक्रेत्याने आपल्या बँकेला कळवून बंद करावा. नाही तर गाडी टोलनाक्यावरून गेली, की पैसे पुण्यातल्या खात्यातून कापले जातात आणि एका गाडीला एकच फास्टॅग चालत असल्याने नव्या मालकाला आपला टॅग घेता येत नाही.